तळं, सडा आणि शिवार : नववीच्या परिसंस्था प्रकल्पाच्या नोंदी

१४ जून

प्रकल्प ठरला. जागा तीन : गावामागचं तळं, जांबोटीच्या अंगाला असलेला जांभ्याचा सडा (उघड्या दगडाचं पठार) आणि शाळेला लागून असलेलं भाताचं शिवार. मुलींनी चौथी जागा सुचवली, देवराई. ती घेतली. पाऊस सुरू व्हायच्या आत पहिल्या नोंदी हव्यात, म्हणून घाई.

दरवर्षी या धड्यावर तक्ता होतो. डाव्या रकान्यात जैविक घटक : झाडं, प्राणी, बुरशी, जिवाणू. उजव्या रकान्यात अजैविक : माती, पाणी, हवा, ऊन, तापमान, क्षार. रंगवून भिंतीवर लावला की धडा संपला. ही मुलं शिवारात वाढलेली आहेत, ढेकूळ हातात घेऊन ओल सांगतात. त्यांनी असा तक्ता काढून गप्प बसावं हे मला बरोबर वाटत नाही. तक्ता चुकीचा नाही, पण त्यामुळे उजवा रकाना म्हणजे नुसतं नेपथ्य आणि डावा म्हणजे नाटक असं मनात बसतं. आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली परिसंस्थेची कल्पना मांडली ती याच्या उलट अंगाने. सजीव आणि त्यांच्याभोवतीचं निर्जीव जग वेगळं काढता येत नाही, दोन्ही मिळून एकच व्यवस्था, असं त्याचं म्हणणं होतं.

म्हणून वहीसाठी नियम केला. नुसतं घटकाचं नाव लिहायचं नाही. पुढे दोन गोष्टी लिहायच्या : हा कुणामुळे बदलतो आणि हा कुणाला बदलतो.

सामान : थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या, भिंग, पट्टी, बाटली कापून केलेला पर्जन्यमापक. पाण्यातला ऑक्सिजन तपासायची रसायनं ओळखीच्या प्राध्यापकांकडून मिळाली. त्यांना हात फक्त मी लावणार.

२२ जून

पहिले दोन-चार चांगले पाऊस झाले आणि आळंबी आली. बाया पहाटेच निघतात, बाजारात पानावर वाटे लागतात. आम्ही वारुळापाशी गेलो.

एक मोठी छत्री निवडली आणि देठाभोवतीची माती बोटांनी हळूहळू काढत गेलो. देठ संपेना. वर टोपी हाताच्या पंजाएवढी, खाली देठ बारीक, काळपट होत होत हातभर खोल गेलेला. रस्त्याच्या कामात वारुळाची एक बाजू आधीच कापली गेली होती, त्यामुळे देठ कुठे पोचतो तेही दिसलं. आत मातीच्या पोकळीत अक्रोडाच्या गरासारखा घड्याघड्यांचा तपकिरी गोळा होता आणि त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे. ही वाळवीची बुरशीची बाग. वाळवी लाकूड, पाचोळा, गवत खाते, पण तो चोथा एकटीला नीट पचत नाही. अर्धवट पचलेल्या चोथ्यावर ती टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवते आणि मग तीच खाते. पाऊस पडला की याच बागेतून आळंबी वर येते.

आता वहीचा नियम लावला. बुरशीला दमट हवा आणि तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. बाहेर मे महिन्याचं ऊन असो की जुलैची झड, वारुळात ते जमतं, कारण वाळवी खालच्या थरातली ओली चिकणमाती कणाकणाने वर आणून भिंती बांधते. म्हणजे तापमान आणि ओल हे अजैविक घटक इथे किड्याने घडवलेत. मातीही बदलली. वारुळाची माती आजूबाजूच्या मातीपेक्षा चिकण आणि क्षारांनी संपन्न असते. जुनी माणसं पडकं वारूळ फोडून शेतात पसरतात ते उगाच नाही.

एक आजी थांबून विचारत होत्या, "काय शोधालाय सर? आळंबी तर सगळी नेली की." त्यांना बाग दाखवली. "एवढी वर्षं खालालो, खरं मुळात बघितलं नव्हतं," म्हणाल्या.

उघडी पडलेली पोकळी मातीने झाकून आलो.

६ जुलै

झड लागली आहे. तालुक्यातल्या शाळांना सुट्टी. पर्जन्यमापकाचं वाचन ज्यांची घरं जवळ आहेत ती मुलं घेतात.

घरी बसून एक नकाशा केला. आपल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेला कणकुंबीला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेकडे अथणीला त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढा. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात आणि पुढे पर्जन्यछाया. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि सौंदत्तीकडे जाईपर्यंत लाल माती संपून काळी लागलेली असते, भात संपून जोंधळा लागलेला असतो. एका मुलीची मावशी अथणीला असते. तिकडची विहीर केवढी खोल आणि इकडची केवढी, हे ती वर्गात सांगणार आहे.

२७ जुलै

लावणी आटोपत आली. बांधावर उभं राहून चिखलातला रोपांचा एक चूड उपटायला मालकांनी परवानगी दिली. आठवडाभरापूर्वी लावलेला नको, आधी लावलेल्या वाफ्यातला द्या, असं मी मागितलं, कारण मुळं बघायची होती.

मुळं धुतली. मुलांना पांढरी अपेक्षित होती, निघाली तांबूस, गंजल्यासारखी. कोवळी टोकं तेवढी पांढरी. आणि ज्या चिखलातून ती निघाली तो निळसर करडा, कुजकट वासाचा.

हे समजावून सांगायला मला आनंद झाला, कारण धड्यातली अर्धी गोष्ट या एका चुडात आहे. भाताच्या खाचरात पाणी साठलं की मातीत हवा शिरत नाही. उरलेला ऑक्सिजन जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. ते श्वसनासाठी मातीतलं लोह वापरतात, लाल अविद्राव्य लोहाचं विद्राव्य लोह होतं, म्हणून लाल मातीचा चिखल करडा होतो. अशा चिखलात ज्वारी, तूर गुदमरून मरते. भात मरत नाही, कारण त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडून आलेली हवा त्या मुळांपर्यंत पोचवतात. त्यातली थोडी मुळांतून बाहेर झिरपते. तिथे चिखलातल्या लोहाला ऑक्सिजन मिळतो आणि ते मुळावरच गंजून बसतं. विद्राव्य लोह जास्त झालं तर रोपाला ते विषारी, म्हणून हा गंजाचा थर रोपाच्या कामाचा.

वहीत एका मुलाने लिहिलं : "लोह – अजैविक. जिवाणूने विरघळवलं, भाताने परत घट्ट केलं." त्याला मी काही जोडलं नाही.

१७ ऑगस्ट

सडा. धुकं होतं, पावसाने तासभर उघडीप दिली.

जांभा हा पावसानेच केलेला दगड. लाखो वर्षांच्या पाण्याने मूळ खडकातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेलं आणि लोह नि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली या दगडाला लॅटेराइट हे शास्त्रीय नाव दिलं, ते केरळातल्या अंगाडिपुरमचा जांभा बघून. आपल्या घरांचे चिरे तेच.

अशा दगडावर चार बोटं माती, तीही नत्राने गरीब, फॉस्फरस असला तरी लोहाने धरून ठेवलेला. पाणी भरपूर, ऊन भरपूर, अन्न नाही. मुलांना विचारलं, इथे झाड काय करील? "वाळंल," असं उत्तर आलं. मग गुडघ्यावर बसवलं आणि भिंग दिलं.

दवबिंदू. नाण्याएवढं लालसर रोप, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानावर चिलट अडकलं होतं, पाय अजून हलत होते, आणि बाजूचे दोन-तीन केस त्याच्याकडे झुकलेले. आम्ही बराच वेळ बघत राहिलो, पण झुकणं डोळ्याला दिसण्याइतकं जलद नाही. पलीकडे ओलीत सीतेची आसवं फुलली होती, निळीजांभळी. फुलं सगळ्यांच्या ओळखीची. शिकार मात्र जमिनीखाली चालते. या रोपाला खरी मुळं नसतात. मातीत बारीक तंतू असतात, त्यांवर मोहरीहूनही लहान फुगे. फुग्याच्या तोंडावरच्या केसांना एखादा सूक्ष्म प्राणी लागला की झडप उघडते आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. हे सगळं काही मिलिसेकंदांत होतं.

झाडं किडे खातात याचं नवल सगळ्यांनाच असतं. मला जे ठसवायचं होतं ते वेगळं : ही झाडं ऊर्जेसाठी किडे खात नाहीत. ऊर्जा ती उन्हातूनच घेतात, पानं हिरवी आहेत. किड्यातून त्यांना नत्र आणि फॉस्फरस हवा असतो. उजव्या रकान्यातली एक वस्तू कमी पडली की डाव्या रकान्यातल्या जिवाची सगळी घडणच बदलते. सगळं मुबलक असून एकच घटक तुटपुंजा असेल तर वाढ त्या एका घटकापाशी अडते, हा नियम शेतीच्या रसायनशास्त्रातून आला. त्याच्यावर लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याआधी १८२८ मध्ये स्प्रेंगेल याने तो मांडला होता.

सड्यावर चालताना पाय कुठे टाकायचा हे मुलांनी स्वतःहून बघायला सुरुवात केली. गाड्या घालणाऱ्यांनीही ते करावं. चाकोरी पडली की माती वाहून जाते आणि मग तिथे काहीच येत नाही.

९ सप्टेंबर

तळ्यात मासे मेले.

सकाळी सातला निरोप आला. काठाला कटला आणि रोहू पोट वर करून, मोठे-मोठे आधी. तळं ठेक्याने दिलेलं आहे, ज्यांनी बीज सोडलं ते काका सुन्न होऊन बसले होते. माणसं जमली आणि एकच बोलणं सुरू झालं : "कुणीतरी इख घातलंय बघा." नावंही घेतली जाऊ लागली. मला काळजी वाटली ती त्याची. मासे गेले ते गेले, पण अशा संशयाने दोन घरांमधलं बोलणं पिढीभर बंद होतं.

मुलांना मी एवढंच सांगितलं की कुणाशी वाद घालू नका, दिसतं ते लिहा. त्यांनी लिहिलेलं :

पाणी गर्द हिरवं. काठाला निर्माल्य कुजलेलं, हारांचे दोरे. बेडूक जिवंत. पाण्यावर धावणारे किडे जिवंत. काही लहान मासे वर येऊन तोंड उघडतात, हात नेला तरी खाली जात नाहीत. मरळ जिवंत, दोन दिसल्या.

शेवटच्या ओळीने मला दिशा मिळाली. विष असतं तर मरळ आणि किडे कसे सुटले असते? मरळ पाण्याबाहेर तोंड काढून थेट हवा घेऊ शकते. कटला, रोहूला ते जमत नाही.

१० सप्टेंबर

पहाटे साडेपाचला तळ्यावर. सोबत चार मुलं आणि त्यांचे पालक.

पाण्यातला ऑक्सिजन तपासायची विंकलरची पद्धत, १८८८ सालची, आजही प्रमाण मानतात. बुडबुडा राहणार नाही अशी बाटली पाण्याखालीच भरायची, तळाशी नळी नेऊन मँगनस सल्फेट सोडायचं, मग अल्कधर्मी आयोडाइड, बूच लावून उलटसुलट हलवायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद. नसेल तर साका पांढरा.

बॅटरीच्या उजेडात बाटली धरली. दुधाळ पांढरा साका, त्यात नावाला पिवळसर झाक. "सर, पांढरंच ऱ्हायलं की!" ज्या काकांचे मासे गेले ते वाकून बघत होते.

दुपारी तीनला, ढग जरा पांगल्यावर, त्याच जागेवरची दुसरी बाटली. साका विटकरी तपकिरी. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. आकडा काढण्यासाठी पुढचं टायट्रेशन बाकी होतं, पण गावाला समजायला रंग पुरेसा होता.

१३ सप्टेंबर

देवळात बैठक झाली. मी बोललो ते इथे लिहून ठेवतो, मुलांना अहवालात लागेल.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के. पाण्यात तो फारच थोडा विरघळतो : २० अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. पाणी तापलं की आणखी कमी. दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की कटला-रोहूसारखे कार्प जातीचे मासे गुदमरायला लागतात. मोठ्या माशाला जास्त लागतो, म्हणून आधी मोठे.

तळ्यात हा ऑक्सिजन दिवसा मुख्यतः शेवाळ तयार करतं, उन्हाच्या बळावर. रात्री तेच शेवाळ श्वसनासाठी तो वापरतं, माशांसारखंच. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन दुपारी सर्वांत जास्त आणि पहाटे सर्वांत कमी. शेवाळ थोडं असेल तर ही वर-खाली सोसण्याजोगी. आपल्या तळ्यात शेतांतला युरिया आणि गोठ्यांचं पाणी उतरतं, म्हशी आणि कपडे तिथेच धुतले जातात, त्यामुळे शेवाळ माजलं. त्यावर सलग ढगाळ दिवस : दिवसाची कमाई घटली, रात्रीचा खर्च तोच. त्यात गणपतीचं निर्माल्य. ते कुजवणाऱ्या जिवाणूंनाही ऑक्सिजनच लागतो. आदल्या रात्रीच्या गार सरीने तळाचं, ऑक्सिजन नसलेलं पाणी ढवळून वर आलं असण्याचीही शक्यता आहे.

कुणी इख घातलेलं नाही. एका ज्येष्ठांनी विचारलं, "खरं, निर्माल्य तर बापजाद्यांपासून घालालोय. तवा मासं का मेलं न्हाईत?" प्रश्न रास्त होता. तेव्हा तळ्यात खताचं पाणी उतरत नव्हतं, साबणाची पावडर नव्हती, आणि गाळ दरवर्षी काढून शेतात टाकला जायचा. निर्माल्य एकटं गुन्हेगार नाही. पण सगळ्या कारणांत उद्यापासून थांबवता येण्याजोगं तेच आहे.

काकांनी एकच विचारलं : पुन्हा असं दिसलं तर त्या रात्री काय करायचं? पंप लावून पाणी उचलायचं आणि वरून फवारत परत तळ्यातच सोडायचं. हवेतून पडताना ते ऑक्सिजन घेतं. खत, शेणखत, खाद्य त्या दिवसांत बंद. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडायला लागले की समजायचं वेळ आली.

नावं घेणं थांबलं. मला या प्रकल्पातून आणखी काही मिळालं नाही तरी चालेल.

१९ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन. दुपारी दोनला तापमानं. सड्यावरच्या उघड्या दगडावर पारा ४८. देवराईत, पाचोळा बाजूला करून बोटभर खोल, २५. दोन जागांत चालत दहा मिनिटांचं अंतर, वर आकाश एकच, पावसाचा आकडाही एकच.

देवराईतला पाचोळा उकरला. वर कोरडी अख्खी पानं, त्याखाली पानांच्या नुसत्या शिरांची जाळी, त्याखाली पांढऱ्या बुरशीचे धागे, मग काळी भुसभुशीत माती, गांडुळं, पैसा किडा. झाडं बाष्प सोडून हवा गार करतात, पाचोळा ओल धरून ठेवतो, ओलीमुळे कुजवणारे जगतात, ते कुजवतात म्हणून झाडाला क्षार परत मिळतात. देवाच्या नावाने कुऱ्हाड लागली नाही म्हणून हा फेरा चालू राहिला.

९ नोव्हेंबर

भात कापणी. मुलं घरच्या कामात. वाचनापुरती नोंद.

भीमगड अभयारण्य आपल्याच खानापूर तालुक्यात, २०११ साली जाहीर झालं. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये राउटनची मोकळ्या शेपटीची वटवाघळं राहतात. १९१३ मध्ये शास्त्राला या जातीची ओळख झाली आणि पुढे बराच काळ जगात ती फक्त इथेच माहीत होती. नंतर मेघालय आणि कंबोडियातही सापडली. वर्ग घेऊन तिथे जायचं नाही, गडबडीने वटवाघळं जागा सोडतात. पण अभ्यासाला उदाहरण उत्तम : गुहेत ऊन नाही, म्हणून हिरवं काही नाही. वटवाघळं बाहेर किडे खातात आणि आत विष्ठा टाकतात. अशा गुहांतली बुरशी, किडे, कोळी यांचं पोट त्या विष्ठेवर चालतं. उन्हाची ऊर्जा तिथे वटवाघळांच्या पोटातून शिरते.

२८ डिसेंबर

भात निघालेल्या वाफ्यांत, मागे राहिलेल्या ओलीवर मसूर आणि वाटाणा. मसुराचं रोप मातीसकट उचललं आणि बादलीत बुडवून माती सुटू दिली. ओढलं असतं तर गाठी तुटल्या असत्या. मुळांवर गाठी, नखाने एक चिरली. आत गुलाबी. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. ते काम करणाऱ्या विकराला ऑक्सिजन चालत नाही आणि जिवाणूला श्वासाला तर तो हवा. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरून मोजून-मापून पोचवतं. गाठ हिरवट किंवा करडी निघाली तर ती थकली समजायचं.

एका मुलीने विचारलं, युरिया टाकला तर गाठी येतील का? कमी येतात. आयतं नत्र मिळालं की रोप जिवाणूंना पोसत नाही. तिने घरच्या वाफ्यात दोन ओळी बिनयुरियाच्या ठेवायला वडिलांना राजी केलं आहे. जानेवारीत मोजणी.

११ जानेवारी

प्रदर्शनाचा तक्ता झाला. मुलांनी रकाने केलेच नाहीत. मधोमध तळं काढलं आणि बाण. सगळ्यात जास्त बाण ऑक्सिजनला लागलेत, येणारे आणि जाणारे. तक्त्याखाली पहाटेच्या आणि दुपारच्या साक्याची रंगवलेली चित्रं.

पंचायतीने निर्माल्यासाठी तळ्यापासून लांब खड्डा काढून द्यायचं मान्य केलंय. गाळ मार्चमध्ये काढायचा, ट्रॅक्टर ज्यांचे त्यांनी द्यायचे, गाळ त्यांनीच शेतात न्यायचा. बिनयुरियाच्या ओळींतल्या मसुरावर गाठी जास्त आणि आत गुलाबी. शेंगा भरल्यावर दोन्हीकडचे दाणे वजन करायचे आहेत. थर्मामीटर आणि पर्जन्यमापक आठवीच्या मुलांकडे दिले. तळ्याचं पहाटेचं निरीक्षण पुढच्या गणपतीनंतर तेच करतील. रसायनं जून संपायच्या आत पुन्हा मागवायची.